पागेतील राजा आणि चहाचा पेला

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी प्रभूच्या अगणित उपकारांचे स्मरण करीत असता, ज्या भूमीवर आपण राहतो तिच्यात होऊन गेलेल्या थोर पुरुषांचेही स्मरण करणे उचित होय. म्हणून या अंकात आम्ही कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांजविषयी चार शब्द लिहीत आहो. त्यांच्या राजकारणाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते घोड्यांचा जाणता, गुरांचा पालक आणि शरीरकष्टांस न लाजणारा मनुष्य या नात्याने.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कसबा बावड्यातील लक्ष्मीविलास वाड्यात झाला. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव हे बालक 17 मार्च 1884 रोजी दत्तविधानाने कोल्हापूरच्या गादीवर आले. राजकोट येथील राजकुमार कॉलेजात व पुढे धारवाडास फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली शिक्षण होऊन 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते.

घोडा हा त्यांचा जिवाचा विषय होता. कित्येक राजेलोक घोड्याची हौस करितात ती मिरवणुकीपुरती. महाराजांचे तसे नव्हते. जनावराची पैदास, चंदी-वैरण, दुखणेबहाणे व स्वभाव यांत ते स्वतः लक्ष घालीत. नव्या, अडेल घोड्यांस गाडीची सवय लागावी म्हणून जी भक्कम उघडी गाडी वापरतात, तिला कोल्हापुरात ‘खडखडा’ म्हणतात. राजाने मऊ गाद्यांच्या रथात बसावे हा लोकांचा समज. पण हा राजा खडखड्यावर बसून, स्वतःच्या हाती लगाम धरून शहरातून व खेड्यांतून फिरे. वाटेत शेतकरी भेटला की गाडी थांबे आणि पिकापाण्याची विचारपूस होई. ज्यास जनावर शिकवावयाचे आहे त्याने रागास आवर घालावा लागतो, आणि मारापेक्षा सवयीने अधिक साधते हे ओळखावे लागते. हाच धडा महाराजांस राज्य चालविताना उपयोगी पडला असावा, असे आम्हांस वाटते.

आमच्या मंगळवार पेठेस तर त्यांच्या या आवडीच्या खुणा आजही आहेत. जेथे माणसे व हत्ती यांचे धाडसी खेळ होत, त्या साठमारीचे नाव येथे टिकून आहे. खासबाग मैदान 1912 साली खुले झाले. 1902 साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त महाराज युरोपात गेले असता त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले व त्यावरून या मैदानाची कल्पना त्यांस सुचली, असे कोल्हापुरात सांगतात. रोमच्या त्या वास्तूचे नाव ऐकताच आपणां कॅथोलिकांस रक्तसाक्षी संतांची आठवण होते. आमच्या आखाड्यात मात्र कोणाचा बळी पडला नाही. तेथे लाल मातीत पैलवान घडले, ही आनंदाची गोष्ट होय.

त्याच प्रवासाच्या काळात, 26 जुलै 1902 रोजी, मागासलेल्या वर्गांसाठी राज्यातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 राखून ठेवण्याचा हुकूम कोल्हापुरात प्रसिद्ध झाला. त्या हुकुमामागील अंतःकरण कसे होते, हे पागेतील एका प्रसंगाने चांगले कळते.

राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे एक अस्पृश्य मानलेल्या जातीचे नोकर होते. घोड्यांची निगा राखणारा हा कष्टाळू मनुष्य. वरच्या म्हणविणाऱ्या जातीच्या पाण्याच्या हौदास त्यांनी स्पर्श केला, एवढ्याच अपराधावरून पागेतीलच काही जणांनी त्यांस फटक्यांनी बेदम मारले. घोडे त्या हौदाचे पाणी पीत तर कोणास विटाळ होत नसे. घोड्यास खरारा करणाऱ्या माणसाच्या हाताने मात्र पाणी बाटत होते! महाराज त्या वेळी परगावी होते. परत आल्यावर गंगाराम आपल्या सोबत्यांसह सोनतळी येथे त्यांजपुढे गेले व पाठीवरचे वळ दाखविले. महाराजांनी मारणाऱ्यांस स्वहस्ते चाबकाने शासन केले, असे सांगतात.

चाबकास चाबूक हा ख्रिस्ती मार्ग नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु त्यापुढे महाराजांनी जे केले ते कोणाही धर्मशील मनुष्याने मस्तक लववावे असेच आहे. त्यांनी गंगारामांस द्रव्यसाह्य देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढावयास लाविले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण घेणार? तेव्हा महाराज आपला खडखडा त्या दुकानापुढे उभा करीत आणि चहा मागवीत. राजाने पेला तोंडास लाविला की सोबतच्या मंडळीसही तो घेणे भाग पडे. हुकूम कागदावर राहू शकतो. पण भर रस्त्यावर राजाने प्यालेला चहा कोण पुसून टाकील? महाराजांच्या पश्चात गंगारामांनी व त्यांच्या बांधवांनी नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारले. राजाचे स्मारक प्रजेतील सर्वांत तुच्छ लेखलेल्यांनी करावे, याहून मोठा मान कोणता?

ज्या घोड्यांवर त्यांनी इतके प्रेम केले, त्यांच्याच पायी त्यांस सर्वांत मोठे दुःख सोसावे लागले. धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी हे 1918 च्या जून महिन्यात रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मरण पावले. मागे बालवयाच्या पत्नी इंदुमतीदेवी राहिल्या. त्या काळच्या रूढीप्रमाणे अशा मुलीचे आयुष्य काळोखातच जावयाचे. परंतु या शोकग्रस्त श्वशुराने तिला सोनतळीस ठेवून तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. आपले दुःख आवरून दुसऱ्याच्या जीवनात उजेड करणे, हेच खरे पौरुष. 6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. आयुष्य अवघे 47 वर्षांचे.

प्रिय धर्मबांधवांनो, आपला तारणारा गुरांच्या गोठ्यात जन्मला आणि गव्हाणीत निजला. आरंभी त्याच्या दर्शनास आले ते मेंढपाळ. रात्रभर कळप राखणारे साधे लोक. घोडेस्वार शिपाई असलेल्या संत मार्टिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास आपला अर्धा झगा कापून दिला, ही कथा आपण मुलांस सांगतो. मग जनावरांत राबणाऱ्यास, झाडणाऱ्यास, ओझी वाहणाऱ्यास आपण कोणत्या पेल्यातून पाणी देतो? एकाच वेदीवरून एकच पवित्र भाकर घेणाऱ्या आपल्या घरांत जातीचा विचार कधी डोकावत नाही, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय? शाहू महाराज आपल्या धर्माचे नव्हते. तरी आपल्या प्रभूच्या आज्ञेतील मर्म त्यांच्या हातून घडले, हे पाहून आपण थोडे लाजावे व पुष्कळ शिकावे.

खडखड्याचा तो आवाज आता कोल्हापूरच्या रस्त्यांवरून गेला. परंतु या ज्युबिलीच्या वर्षी आपल्यापैकी प्रत्येकाने एका तरी दुर्लक्षित दारापुढे आपली गाडी थांबवावी आणि तेथील पेला आनंदाने ओठास लावावा, हीच प्रभुचरणी आमची नम्र प्रार्थना.