मंगळाचे आकाश निळे नव्हते

निळा हा आमचा रंग. म्हणूनच ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत.

दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून पहिले छायाचित्र पाठवले ते सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा-९ ने, २२ ऑक्टोबर १९७५ रोजी, शुक्रावरून. पुढच्याच वर्षी, २० जुलै १९७६ ला, अमेरिकेचे व्हायकिंग-१ मंगळावर उतरले. काही सेकंदांतच त्याचा कॅमेरा सुरू झाला. त्याने पहिले चित्र घेतले ते स्वतःच्याच पायाचे आणि आजूबाजूच्या खडे-मातीचे. हा कॅमेरा आपल्या मोबाईलसारखा नव्हता. त्यातला आरसा वर-खाली हलत एकेक उभी रेघ टिपत जाई आणि काही मिनिटांनी चित्र पुरे होई.

दुसऱ्या दिवशी रंगीत छायाचित्र आले. तांबडी जमीन आणि वर निळे आकाश! सगळे खूश झाले. मंगळ अगदी आपल्यासारखा दिसत होता. पण ते चित्र चुकीचे होते.

कॅमेरा खोटे बोलला नव्हता. त्याने लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या फक्त मोजणीचे आकडे पाठवले होते. त्या आकड्यांचे रंग जुळवणारी माणसे पृथ्वीवरची होती आणि जन्मभर निळ्या आकाशाखाली राहिलेली होती. मग यानावरच बसवलेल्या, रंग आधीपासून माहीत असलेल्या पट्ट्यांशी चित्र ताडून पाहिले गेले. आकाश निघाले फिकट गुलाबी, हवेत तरंगणाऱ्या धुळीमुळे. हे जाहीर झाले तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी हुर्यो केली, असे कार्ल सेगन यांनी 'कॉसमॉस'मध्ये नोंदवले आहे. तरीही शास्त्रज्ञांनी चित्र दुरुस्त केले. आवडते चित्र सोडले, खरे ठेवले.

जे जन्मभर डोक्यावर पाहिले तेच सृष्टीचा नियम वाटू लागते. जातिव्यवस्था याच सवयीवर जगली. मंगळाची माती पन्नास वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिली, तरी पत्रिकेतल्या मंगळापायी आजही मुलींची लग्ने अडतात. याला आम्ही हसतो, आणि हसावेच.

पण प्रश्न आपल्यालाही आहे. बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेली वाक्ये आपणच व्हॉट्सअॅपवर फिरवत नाही का? वाक्य आवडले, मनासारखे निघाले, की पुढे ढकलले. ही निळ्या आकाशाचीच चूक आहे. ताडून पाहण्याची पट्टी आपल्याकडेही आहे: महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड. ते उघडायला किती वेळ लागतो?

परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, हे बुद्धांनी कालामांना सांगितले. आपल्याला आवडते म्हणूनही मानू नका, एवढे आम्ही त्यात आपल्यापुरते जोडतो. झेंडा निळाच राहील. त्यासाठी मंगळाचे आकाश निळे असण्याची गरज नाही.

जय भीम!