ब्लॅकपूल की अँबलसाइड? गिरणी कामगारांच्या एका आठवड्याचा इतिहास

१/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील विणकर कुटुंबापुढे दर उन्हाळ्यात एक प्रश्न उभा राहत असे. वर्षातून मिळणारा मोकळा आठवडा कोठे घालवावा? समुद्रकाठच्या स्वस्त, गजबजलेल्या ब्लॅकपूलमध्ये, की डोंगरांतील एखाद्या शांत खेड्यात? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नात कवी, धर्मोपदेशक, रेल्वे कंपन्या आणि अखेरीस संसद अशा सर्वांनी लक्ष घातले. हा धागा त्याच वादाविषयी.

२/ प्रथम या आठवड्याविषयी. त्यास 'वेक्स' म्हणत. मुळात हा गावच्या चर्चचा वार्षिक उत्सव, म्हणजे एक प्रकारची जत्राच. गिरण्या आल्यावर तिचे रूपांतर गिरणी बंद ठेवण्याच्या आठवड्यात झाले. प्रत्येक गावाचा आठवडा निराळा. एका गावाची धुराडी थंडावली की शेजारच्या गावाची चालू असत. मात्र या सुटीचा पगार मिळत नसे.

३/ म्हणून सुटीची तयारी वर्षभर आधी सुरू होई. आपल्याकडील भिशीची आठवण व्हावी अशी बचत मंडळे गिरण्यांतून आणि वस्त्यांतून चालत. दर आठवड्याला काही पेन्स भरायचे आणि वेक्सच्या तोंडावर सारी रक्कम उचलायची. ही पुंजी प्रवास, निवास आणि बुडालेला पगार या तिन्हींना पुरवावी लागे. चुकीची निवड परवडण्याजोगी नव्हती.

४/ समुद्रकिनारा हा आरंभी श्रीमंतांचा शौक होता. १७५०मध्ये डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला आणि ब्रायटनला उमराव जाऊ लागले. रेल्वेने हे चित्र पालटले. १८४६मध्ये ब्लॅकपूलपर्यंत लोहमार्ग पोचला. शतकारंभी पाचशेही वस्ती नसलेल्या या गावाची लोकसंख्या १९०१च्या जनगणनेत सुमारे ४७ हजार झाली.

५/ ब्लॅकपूलने आपला ग्राहक नेमका ओळखला होता. १८६३मध्ये समुद्रात शिरणारा नॉर्थ पिअर, १८७९मध्ये किनाऱ्यावर विजेचे दिवे, १८८५मध्ये विजेची ट्राम, १८९४मध्ये ५१८ फूट उंचीचा मनोरा. गावाची जाहिरात करण्यासाठी स्थानिक कर लावण्याचा अधिकारही नगरपालिकेने मिळविला. कष्टकऱ्यांच्या सुटीवर एक आख्खे शहर उभे राहत होते.

६/ निवासाची पद्धत पाहण्याजोगी आहे. कुटुंब भाड्याने खोली, अनेकदा केवळ पलंग, घेई. धान्य, मांस, भाजी पाहुण्यांनी आणायची आणि घरमालकिणीने रांधून द्यायची. मीठ-मिरपुडीच्या भांड्यांच्या वापराचे पैसेही काही मालकिणी वेगळे लावत, आणि त्यावरून विनोद होत. तरीही तीच कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच घरी उतरत, आणि गल्लीतील शेजारीही तेथेच भेटत.

७/ स्त्रियांच्या बाजूने हा व्यवहार पाहिला तर त्याचे मोल अधिक कळते. लँकेशायरमध्ये अनेक विवाहित स्त्रियाही मागावर उभ्या राहत आणि घरी येऊन चूल पेटवीत. ब्लॅकपूलमध्ये बाजारहाट तिच्याकडे राही, पण रांधणे दुसरीच्या हाती जाई. खेड्यात भाड्याचे घर घेतले असते, तर चूल बहुधा पुन्हा तिच्याच माथी आली असती. शिवाय पाऊस लागला तर ब्लॅकपूलमध्ये नाचगृहे आणि नाट्यगृहे होती.

८/ आता दुसरा पर्याय. लँकेशायरच्या उत्तरेस सरोवरे आणि डोंगर यांचा लेक डिस्ट्रिक्ट हा प्रदेश आहे. इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाच्या भागांत त्याची गणना होते. १८४४मध्ये विंडरमिअर सरोवराकडे रेल्वे नेण्याची योजना निघाली, तेव्हा तेथेच राहणारे राजकवी विल्यम वर्डस्वर्थ यांनी वृत्तपत्रातून तिला कडाडून विरोध केला.

९/ त्यांचा युक्तिवाद केवळ धूर आणि गोंगाटापुरता नव्हता. डोंगराचे सौंदर्य आस्वादण्यास दीर्घ संस्कार लागतात. अशिक्षित कामगारांना एकाच वेळी मोठ्या संख्येने तेथे आणून त्यांचे हित साधणार नाही, त्यांनी घराजवळच्या शेतांत फिरावे, असे त्यांचे म्हणणे होते. निसर्ग सर्वांचा असल्याची जाणीव काव्यातून रुजविणाऱ्या कवीची ही भूमिका अनेक समकालीनांनाही खटकली.

१०/ १८४७मध्ये रेल्वे आली, पण विंडरमिअरलाच थांबली. पुढे अँबलसाइड गावापर्यंत मार्ग वाढविण्याचा विचार झाला. १८७०च्या दशकात त्याविरुद्ध जॉन रस्किन यांनी लेखणी उचलली. खेड्याची शांतता राखली गेली. पण जेथे गाडी जात नाही तेथे आठवड्याच्या सुटीत कुटुंबासह पोचणे हे कामगाराला महागच होते.

११/ १८९१मध्ये एक निराळा प्रयोग झाला. कोल्न या गिरणीगावातील धर्मोपदेशक टी. ए. लिओनार्ड आपल्या चर्चच्या मंडळातील सुमारे तीस पुरुषांना घेऊन चार दिवसांसाठी अँबलसाइडला गेले. वर्षभराची बचत आठवडाभराच्या उथळ करमणुकीत उधळली जाते, याचे त्यांना दुःख होते. स्वस्त निवास, दिवसभर डोंगरात चालणे आणि संध्याकाळी संवाद, अशी त्यांची कल्पना होती.

१२/ या प्रयोगातून १८९३मध्ये को-ऑपरेटिव्ह हॉलिडेज असोसिएशन स्थापन झाली. संस्थेच्या निवासांत राहणी साधी असे. स्त्रिया आणि पुरुष एकत्र भटकंतीस जात, ही त्या काळी धीट गोष्ट होती. वर्डस्वर्थने ज्यांना अपात्र ठरविले होते, त्यांच्यासाठी लिओनार्ड यांनी डोंगराचे दार उघडले.

१३/ परंतु त्या दारातून आत आले कोण? हळूहळू शिक्षक आणि कारकून यांचीच संख्या वाढत गेली. संस्था मध्यमवर्गीय झाली, या असमाधानातून खुद्द लिओनार्ड यांनी १९१३मध्ये 'हॉलिडे फेलोशिप' ही नवी संस्था काढली. विणकरांचे लोंढे मात्र ब्लॅकपूलकडेच जात राहिले.

१४/ याचा अर्थ कामगारांना डोंगर नको होते, असा काढणे चूक ठरेल. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो तरुण कामगार किंडर स्काउटच्या माळावर शिरले. तो माळ शिकारीसाठी राखीव होता आणि सामान्यांना बंद होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. शांत निसर्गाची ओढ कामगारांत होती. त्या निसर्गाची मालकी इतरांकडे होती.

१५/ या कथेत हिंदुस्थानही आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी लँकेशायरच्या कापडाचा सर्वांत मोठा ग्राहक हिंदुस्थान होता. ब्लॅकपूलच्या घरमालकिणीच्या हाती पडणाऱ्या शिलिंगांत येथील बाजारपेठेचाही अंश होता. युद्धानंतर ती बाजारपेठ आटत गेली. १९३१मध्ये गांधीजी लँकेशायरला गेले, तेव्हा त्यांच्यासमोर बेकारीने होरपळलेली गिरणीगावे होती. काम नसलेल्या माणसाला सुटी कसली?

१६/ १९३६मध्ये बिली बटलिन यांनी स्केगनेसच्या किनाऱ्यावर सुटी-छावणी उघडली. आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुटी, अशी तिची जाहिरात होती. तो पगार सुटीतही चालू राहण्याची सोय १९३८च्या भरपगारी रजेच्या कायद्याने सुरू केली. १९४९मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१मध्ये लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान बनले.

१७/ गर्दीचा किनारा की शांत खेडे, या निवडीस बराच काळ अभिरुचीचा प्रश्न मानले गेले. प्रत्यक्षात ती गाडीचे भाडे, बुडालेला पगार, चुलीपासूनची सुटका आणि जमिनीची मालकी यांवर ठरत होती. भरपगारी रजा आणि खुले डोंगर या दोन्ही गोष्टी कामगाराच्या हाती येईपर्यंत विसावे शतक निम्मे सरले होते. विंडरमिअरचा लोहमार्ग आजही विंडरमिअरलाच संपतो; अँबलसाइडला जायचे तर पुढे रस्त्यानेच जावे लागते.