पदवीपुढच्या वाटा

डॉक्टर या पेशाविषयी मराठी घरांत दोनदा हमखास बोलणे होते. घरात कुणी आजारी पडले की एकदा आणि मुलांची बारावी जवळ आली की पुन्हा. दोन्ही वेळी चर्चा पदवीपाशी थांबते. पदवी हाती आल्यावरची तीस-चाळीस वर्षे हा माणूस कुठे राहतो, कोणत्या प्रश्नांत गुंततो, कशापायी वाट बदलतो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मानसशास्त्रज्ञाच्या बाबतीत तर त्याचे काम नेमके काय, इथूनच सुरुवात करावी लागते. डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या व्यावसायिक आयुष्यांचा अभ्यास हे म्हणूनच वाचकांना थोडे अनोळखी वाटेल असे क्षेत्र आहे. त्याची तोंडओळख करून द्यावी आणि आत येण्याचा एक सोयीचा रस्ता दाखवावा, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. १८४५ साली तिथे ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजी लाड होते. त्यांनी दवाखाना चालवला, कुष्ठरोगावरील औषधांचा शोध घेतला आणि त्याच काळात अजिंठ्यासारख्या ठिकाणचे प्राचीन शिलालेख वाचण्याचे कामही केले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून त्यांचे नाव आहे. तिथे येणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की हे नाव एका डॉक्टरचे आहे? आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली होती, पण पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. बालपणी लादलेला विवाह नाकारून रखमाबाईंनी न्यायालयात लढा दिला, १८९४ मध्ये लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि नंतर अनेक वर्षे सुरत व राजकोट येथे स्त्रियांवर उपचार केले. एकाच विद्येचा हात धरून ही तीन आयुष्ये किती वेगवेगळ्या दिशांना गेली, हे पाहिले की लक्षात येते: आपल्याकडे या पेशाला ठरावीक वाट कधीच नव्हती.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात या विविधतेला आणखी एक दिशा मिळाली, ती खेड्याची. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. दुष्काळी भागातील आजारांचे मूळ पाणी, अन्न आणि जातिभेद यांत आहे, हे ओळखून त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. अभय आणि राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातील प्रशिक्षित स्त्रीने घरी येऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची, ही त्यांची पद्धत. तिच्यामुळे तिथला नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. महाडच्या परिसरात हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसे पाहिली आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर कसे लागू पडते ते दाखवून दिले. मोठी प्रयोगशाळा त्यांच्या हाताशी नव्हती. रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या नोंदी होत्या. ग्रामीण सेवा म्हणजे बुद्धीला रजा, असा समज अजूनही आढळतो. ही तीन उदाहरणे तो पुसून टाकायला पुरेशी आहेत.

दुसरी दिशा रंगभूमीची आणि लेखणीची. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. पुण्यात आणि आफ्रिकेत व्यवसाय केल्यावर १९६९ मध्ये त्यांनी पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला. जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत होते. १९७२ मध्ये त्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ दिग्दर्शित केले आणि त्यात नाना फडणवीस उभा केला मोहन आगाशे यांनी. आगाशे मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक. शिकवणे आणि अभिनय या दोन्ही गोष्टी त्यांनी दीर्घकाळ बरोबरीने केल्या, आणि पुढे नैराश्यावरच्या ‘कासव’ या चित्रपटाच्या निर्मितीत त्या दोन्ही एकत्र आल्या. अनिल अवचट यांनी वैद्यकीय पदवी घेतली, पण ओढा राहिला तो लोकांच्या जगण्याविषयी लिहिण्याकडे. नरेंद्र दाभोलकर बारा वर्षे साताऱ्यात डॉक्टर होते. पुढे त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाला आयुष्य वाहिले. या माणसांनी वैद्यक सोडले, असे आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही. अवचटांचे हमाल, विणकर किंवा तंबाखू कामगार यांच्यावरचे लेखन वाचताना रुग्णाची हकीकत बारकाईने, मध्ये न बोलता ऐकून घेण्याची डॉक्टरची सवय पानोपानी जाणवते. पुरावा मागण्याची दाभोलकरांची शिस्तही त्याच शिक्षणाशी नाते सांगते.

तिसरी दिशा मनाची. इथे नवख्या वाचकांनी एक फरक सुरुवातीलाच समजून घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ आधी डॉक्टर होतो, मग मनोविकारशास्त्रात पुढचे शिक्षण घेतो आणि औषधे देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्राच्या वाटेने येतो. चाचण्या, समुपदेशन आणि मानसोपचार ही त्याची साधने. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीही करावी लागते. या दोन वाटा भारतात अगदी आरंभीच एकमेकींना भेटल्या. कोलकात्याचे गिरींद्रशेखर बोस डॉक्टर होते. ते मानसशास्त्राकडे वळले आणि १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. सुधीर कक्कर अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र शिकून मनोविश्लेषणाकडे आले आणि अखेरची वर्षे गोव्यात राहून लिहीत राहिले. पुण्यात मानसशास्त्राचे अभ्यासक आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. त्यांची मानसशास्त्रीय दृष्टी रुग्णालयात न जाता शाळेत रुजली. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. १९८६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. तिथे डॉक्टर आणि समुपदेशक यांच्या जोडीला स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसेही काम करतात. ठाण्यात आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्य संस्था काढली. मनाच्या कामाला अनेक हात लागतात, ही समज या संस्थांनी आपल्याला दिली.

आता या क्षेत्राकडे कसे वळावे, याविषयी थोडे. वाचकांनी आत्मचरित्रांपासून सुरुवात करावी. लागूंचे ‘लमाण’, बावस्करांचे ‘बॅरिस्टरचं कार्टं’, प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’, रवी बापट यांचे ‘वॉर्ड नं. पाच, के.ई.एम.’ ही पुस्तके सहज मिळतात आणि एकमेकांशेजारी ठेवून वाचली की अधिक बोलतात. वाचताना मनात तीन प्रश्न ठेवावेत. या माणसाला वळण घ्यायला कोणत्या रुग्णाने किंवा कोणत्या प्रसंगाने भाग पाडले? नव्या वाटेवर त्याने जुन्या विद्येतले काय बरोबर नेले? आणि या बदलाची किंमत कुणी मोजली, घराने, सहकाऱ्यांनी की मागे राहिलेल्या रुग्णांनी? तिसरा प्रश्न अवघड आहे, पण तो टाळला तर चरित्राचे स्तोत्र होते. वैद्यकीय शिक्षणाची जागा समाजाच्या पैशातून उभी राहते. तिचा हिशेब विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे आणि उत्तराबाबत प्रत्येक वेळी आपले एकमत व्हावे अशी सक्ती नाही.

आणखी एक सूचना आपुलकीने करतो. वर आलेली बहुतेक नावे गाजलेली आहेत, कारण त्यांच्याविषयी लिहिले गेले. अभ्यासाचा खरा पसारा त्यापलीकडे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षानुवर्षे बाळंतपणे करणारी वैद्यकीय अधिकारी, शवविच्छेदन करून न्यायालयात साक्ष देणारे जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर, लस आणि साथ यांच्या नोंदी ठेवणारे आरोग्य अधिकारी, औषध कंपनीत चाचण्यांवर देखरेख करणारे औषधशास्त्रज्ञ, शाळेत मुलांशी बोलणारी समुपदेशक, कारखान्यात कामगारांची निवड आणि ताण यांचा विचार करणारे औद्योगिक मानसशास्त्रज्ञ, यांची आयुष्ये अजून कागदावर उतरलेली नाहीत. मराठीत वैद्यकीय आत्मकथनांची परंपरा मोठी आहे आणि तिचा आपण अभिमान बाळगावा. मानसशास्त्रज्ञांची आत्मकथने मात्र फारच थोडी आहेत. ही उणीव भरून काढायला नव्या अभ्यासकांची गरज आहे.

या सगळ्यांतून मी काढलेला निष्कर्ष साधा आहे. पदवी माणसाला एक शिस्त देते. तिचा उपयोग कुठे करायचा हे त्याला भेटलेली माणसे ठरवतात. तुम्ही विद्यार्थी असाल तर आपली वाट पहिल्याच वर्षी पक्की झाली पाहिजे, ही धास्ती त्यामुळे थोडी कमी व्हावी. पालक असाल तर मुलाने वळण घेतले म्हणजे शिक्षण वाया गेले, असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. आणि केवळ कुतूहलाने इथवर आला असाल, तर एक काम जरूर करावे. आपल्या गावातल्या एखाद्या निवृत्त डॉक्टरला किंवा समुपदेशकाला भेटावे, त्यांच्या कामाची हकीकत सुरुवातीपासून विचारावी, आणि त्यांच्या परवानगीने ती लिहून ठेवावी. या क्षेत्राचा पुढचा ग्रंथ अशाच नोंदींतून तयार होणार आहे.