शिक्षकाचें स्वातंत्र्य

मुलगा शाळेंतून घरीं आला म्हणजे आपण त्यास पहिला प्रश्न कोणता विचारतों? बहुतेक घरीं ‘गुण किती मिळाले?’ हाच. ‘आज तुझें तुला काय उलगडलें?’ असें पुसणारा पालक विरळा. हा दोष एकट्या पालकांचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. गुणांवरून विद्या मोजावी व त्याच मापानें शिक्षकाचें मोल ठरवावें, ही रीत जुनी आहे. आणि तिच्याहून निराळी वाट चोखाळणाऱ्या शिक्षकांचा इतिहास आपल्या पुण्यांतच घडला आहे.

ह्या रीतीचें ठळक रूप प्रथम इंग्लंडांत दिसलें. 1862 सालीं रॉबर्ट लो यांच्या नियमावलीनें प्राथमिक शाळांचें अनुदान परीक्षेच्या निकालाशीं जखडून टाकिलें. सरकारी तपासनिसानें प्रत्येक मुलाचें वाचन, लेखन व अंकगणित पाहावें, आणि मूल ज्या विषयांत नापास होईल त्यापुरती रक्कम कापावी. मग दुसरें काय व्हावयाचें? मुलांनीं वाचनाचें पुस्तक तोंडपाठ केलें, कारण शिक्षकाची भाकर त्यावर अवलंबून होती. कवि मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस; तरी ह्या यांत्रिक पद्धतीचा त्यांनीं सतत निषेध केला. आपल्या मुंबई इलाख्यांतहि खासगी शाळांचें अनुदान निकालावरच बेतलें जात असे.

अशा काळांत, 1880 च्या जानेवारींत, पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेंतील नोकरी सोडून आले होते. टिळक, नामजोशी व वामनराव आपटे त्यांस मिळाले. आगरकर मागाहून आले. ह्या मंडळींपुढें सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा असतां त्यांनीं तो नाकारिला. जो शिकवितो त्यानेंच शाळा चालवावी, हें त्यांचें सूत्र. 1884 सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हां ह्या सूत्रास नियमांचें रूप आलें. आजीव सभासदानें वीस वर्षें सेवा करावी, मासिक 75 रुपयांवर राहावें, आणि संस्थेचा कारभार सभासदांनींच पाहावा. स्वातंत्र्य फुकट मिळत नसतें. ह्या तरुणांनीं त्याची किंमत आधींच मोजून ठेविली होती.

ह्या स्वातंत्र्याचें फळ वर्गांत दिसलें. दुसऱ्यानें लिहिलेलें पुस्तक दुसऱ्याच्या हुकुमानें शिकविणें येथें भागण्यासारखें नव्हतें. वामनराव आपट्यांनीं 1881 सालीं संस्कृत रचनेवर विद्यार्थ्यांकरितां मार्गदर्शक पुस्तक लिहिलें, आणि पुढें 1890 सालीं त्यांचा प्रसिद्ध संस्कृत-इंग्रजी कोश बाहेर पडला. आयतें भाषांतर हातीं देण्यापेक्षां अर्थाचा शोध स्वतः घेण्याचें साधन विद्यार्थ्यास देणें, हा केवढा भेद आहे! मागाहून आलेल्या गोपाळराव गोखल्यांचें अंकगणित ठिकठिकाणच्या शाळांत गेलें. टिळक गणित शिकवीत तें फळ्यावर उत्तरें उतरवून देण्याच्या रीतीनें नव्हे. उदाहरण तोंडींच सोडवावें व विद्यार्थ्यानें आपल्या बुद्धीनें मागोमाग यावें, अशी त्यांची पद्धत चरित्रकार सांगतात. हुशार मुलांस ती मानवे. मंद मुलांची तींत ओढाताण होई. ही उणीव लपविण्याचें कारण नाहीं, कारण एकच हुकूम सर्वांस लावणाऱ्या पद्धतीपेक्षां ती सुधारणें शिक्षकाच्या हातचें होतें.

परंतु शिक्षकाच्या स्वातंत्र्यास मर्यादा कोणी घालावी? हा प्रश्न ह्याच मंडळींस फाडून गेला. सभासदानें बाहेरचें काम करावें काय, बाहेरची प्राप्ति घ्यावी काय, यावरून वाद विकोपास जाऊन 1890 सालीं टिळकांनीं राजीनामा दिला. ह्या कलहावरून कित्येक जण असा निष्कर्ष काढतील कीं शिक्षकांस मोकळे सोडणें धोक्याचें आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. वाद झाला तो काम टाळण्यासाठीं नव्हे, तर आपण घेतलेल्या व्रताचा अर्थ काय ह्यासाठीं झाला. टिळक गेले तरी संस्था मोडली नाहीं. 1892 सालीं आगरकर फर्ग्युसन कॉलेजाचे प्राचार्य झाले व 1895 सालीं मृत्यु येईपर्यंत त्या पदावर राहिले. गोखल्यांनींहि आपली मुदत पुरी केली.

आज शाळा वाढल्या, पुस्तकें वाढलीं, खासगी शिकवण्यांस तर सुमार नाहीं. तरी अपेक्षित प्रश्नांचीं तयार उत्तरें पाठ करवून घेणारा शिक्षक आपणांस ‘चांगला’ वाटतो, आणि मुलाला अडखळूं देणारा ‘आळशी’ वाटतो. वाचकहो, ह्या मापाचा एकदां फेरविचार करावा. ज्याला स्वतःस विचार करण्याची मुभा नाहीं, तो दुसऱ्यास विचार करावयास कसा शिकविणार? मुलानें आपल्या पायांवर उभें राहावें असें वाटत असेल, तर त्याच्या गुरूसहि आपल्या पायांवर उभें राहूं दिलें पाहिजे. आणि त्याची सुरुवात संध्याकाळीं घरीं विचारलेल्या त्या पहिल्या प्रश्नापासून होते.