सर्वांत लहान रात्र

मकरसंक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो. पण २१ जूनच्या सुमारास दक्षिणायन लागते, त्याची दखल पंचांगापलीकडे फारसे कोणी घेत नाही. त्या दिवसांत आपले आकाश ढगांनी भरलेले असते. बाल्टिक समुद्राकाठच्या लाटव्हियात मात्र तेव्हा दिवस सुमारे १८ तासांचा असतो, आणि २३ जूनच्या रात्री लोक झोपत नाहीत. डोक्यावर ओकच्या पानांचे मुकुट, ताटात शहाजिरे घातलेले चीज, उंचवट्यावर पेटलेली शेकोटी, आणि 'लीगो' हे पालुपद असलेली गाणी!

सणाचे नाव 'यानी'. ते संत योहानाशी जोडले गेले आहे. पण सणाचा गाभा चर्चमध्ये नाही, शेकोटीभोवती आहे. क्रिश्यानिस बारोन्स (१८३५–१९२३) यांनी दोन लाखांहून अधिक लोकगीते १८९४ ते १९१५ या काळात प्रसिद्ध केली. या रात्रीची गाणीही त्यांत आहेत.

१९५९ नंतर सोव्हिएत राजवटीने या सणाची अधिकृत मान्यता काढून घेतली. राजवट स्वतः निरीश्वरवादी. मग तिला भय कशाचे होते? देवाचे खासच नव्हे. माणसे कोणाच्या हुकुमावाचून एकत्र येतात व स्वतःच्या भाषेत गातात, याचेच ते भय असावे. तरीही घरोघर ही रात्र जागविली गेली. १९८८ साली सणाला पुन्हा मान्यता मिळाली. १९९१ साली देश स्वतंत्र झाला.

देव मानणारा आणि न मानणारा, दोघेही त्या रात्री एकाच शेकोटीत लाकूड घालतात व उजाडेपर्यंत ती विझू देत नाहीत. याला उपासना म्हणू नये, तर काय म्हणावे?