बहिणींमधील अवखळ बालक : वाव आणि सूट यांचा विवेक

प्रस्तुत विवेचनात तीन संज्ञा वारंवार येणार असल्याने त्यांचे अर्थ आधी निश्चित केले पाहिजेत. (१) अवखळपणा म्हणजे शरीरातील चेष्टाशक्तीचा हेतुरहित आविष्कार. उदाहरणार्थ, पलंगावरून उड्या मारणे, घरभर धावणे. (२) दांडगाई म्हणजे त्याच शक्तीचा दुसऱ्यावर केलेला प्रयोग. उदाहरणार्थ, बहिणीची वेणी ओढणे, तिची वही हिसकावणे. (३) मुजोरी म्हणजे दांडगाई केली तरी आपल्याला कोणी जाब विचारणार नाही, या खात्रीतून सिद्ध झालेली वृत्ती. अवखळपणा हा वयाचा धर्म आहे आणि दांडगाई हा वळणाचा अभाव आहे. मुजोरी मात्र शिकवावी लागते, आणि ती घरातच शिकवली जाते.

ती कशी शिकवली जाते, हे कुटुंबरचनेवरून कळते. अनेक बहिणींत एक भाऊ, ही रचना दोन कारणांनी घडते : (अ) यदृच्छेने, (आ) मुलगा होईपर्यंत अपत्ये होऊ देण्याच्या निर्णयाने. दुसऱ्या प्रकारात मुलगा बहुधा शेवटचा असतो. केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीने या प्रवृत्तीची दखल घेतली आहे : शेवटच्या अपत्यांत मुलांचे प्रमाण नैसर्गिक प्रमाणाहून बरेच अधिक आढळते. अशा घरात मुलगा ज्येष्ठांच्या अपेक्षेची पूर्ती म्हणून येतो, आणि ‘तुझ्यासाठी आम्ही किती वाट पाहिली’ हे वाक्य त्याच्या आणि बहिणींच्याही कानांवर पडत राहते. या एका वाक्याचा अर्थ भाऊ आणि बहिणी वेगवेगळा लावतात : भावाला त्यात सूट ऐकू येते, बहिणींना आपले दुय्यमपण.

येथून वाव आणि सूट हा मुख्य भेद निष्पन्न होतो. वाव म्हणजे शक्तीला दिलेले क्षेत्र. सूट म्हणजे नियमातून दिलेली मुक्तता. संध्याकाळी दोन तास अंगणात लगोरी खेळू देणे हा वाव होय. जेवण झाल्यावर ताट तसेच टाकून उठू देणे आणि ते ताईला उचलायला लावणे ही सूट होय. वावाने अवखळपणा शमतो. सुटीने दांडगाईची मुजोरी होते. ज्या घरात वाव नाकारला जातो, तेथे त्याची भरपाई बहुधा सुटीने केली जाते. दिवसभर ‘पळू नकोस, पडशील’ म्हणून मुलाला बसवून ठेवायचे आणि त्याने बहिणीचे चित्र फाडल्यावर ‘मुलगाच तो, मस्ती करणारच’ असे म्हणायचे, हा क्रम याचे उदाहरण आहे.

वळण लावण्याच्या अवस्था तीन आहेत. पहिली, सुमारे तीन वर्षांपर्यंतची : या वयात उपदेश निष्फळ ठरतो, म्हणून स्थान बदलावे, मोडणारी वस्तू उचलावी, धावण्यास जागा द्यावी. दुसरी, तीन ते सातची : या वयात नियम अनुकरणाने येतो, आणि तो शिकवण्यास बहिणी सर्वाधिक समर्थ असतात. सागरगोट्यांचा खेळ पाहावा. एक सागरगोटा वर उडवायचा, तो हवेत असताना खालचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. अवखळ मुलगा प्रथम सागरगोटा छतापर्यंत फेकतो, आणि तो पलंगाखाली जातो. बहीण शांतपणे म्हणते, ‘गेला तुझा डाव.’ पुढच्या डावाला हात आपोआप आखडतो. येथे कोणी रागावलेले नाही. नियमानेच शक्तीला माप दिले. तिसरी, सातच्या पुढची : आता नियमाचे कारण सांगावे. मुलांच्या गोट्यांच्या खेळाचे निरीक्षण करून मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ साली असे प्रतिपादन केले, की लहान वयात नियम वडीलधाऱ्यांची अढळ आज्ञा वाटतो. पुढे तो परस्पर संमतीने ठरतो, हे मुलांना कळते. ही संमती समकक्षांतच शिकता येते. म्हणून बहीण समकक्ष राहणे आवश्यक आहे.

यावरून बहिणींविषयीचे कर्तव्य ठरते. (१) थोरलीला दुय्यम आई करू नये. ‘तो लहान आहे, तूच समजून घे’ या वाक्याने तिचे बालपण आणि त्याची जबाबदारी दोन्ही एकदम हिरावली जातात. (२) पाठच्या बहिणीला तिची वस्तू, तिची जागा आणि तिचा नकार राखण्याचा अधिकार असावा. (३) कामांची विभागणी वयानुसार व्हावी, लिंगानुसार नव्हे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलाइतकाच हक्क दिला. संपत्तीतील समानता पुढे समजावी, असे वाटत असेल तर ताट उचलण्यातील समानता आज दिसली पाहिजे.

उपसंहारार्थ भाऊबीजेचा विचार करावा. बहिणी ओळीने औक्षण करतात, आणि वडिलांनी आयत्या वेळी हातात दिलेली नोट मुलगा तबकात टाकतो. या कृतीत घेणे त्याचे असते, देणे त्याचे नसते. त्याऐवजी सहा वर्षांच्या मुलाने आधीच्या आठवड्यात स्वहस्ते रंगवलेली पणती तबकात ठेवावी. ती रंगवताना त्याला पाऊण तास एका जागी बसावे लागेल, आणि ते बसणे कोणी लादलेले नसेल. अवखळपणा नष्ट करणे हे संगोपनाचे साध्य नव्हे. त्या शक्तीला दुसऱ्यासाठी थांबता येणे, हे साध्य होय.