रक्ताचे भय : लवक्राफ्टची ‘द शॅडो ओव्हर इन्स्मथ’

एच. पी. लवक्राफ्टच्या हयातीत पुस्तकरूपाने निघालेली त्याची कथात्म कृती ही एकच. १९३१ च्या अखेरीस लिहिलेली ही लघुकादंबरी ‘वीअर्ड टेल्स’ मासिकाने नाकारली. पेन्सिल्व्हेनियातील एव्हरेट या गावच्या विल्यम क्रॉफर्ड या हौशी प्रकाशकाने ती १९३६ मध्ये काढली. सुमारे ४०० प्रती छापल्या गेल्या आणि त्यांतील निम्म्यांचीच बांधणी झाली. मुद्रणदोष इतके, की शुद्धिपत्र जोडावे लागले. पुढल्याच मार्चमध्ये लेखक वारला.

कॉस्मिक हॉरर म्हणजे माणसाला क्षुद्र ठरवणाऱ्या अफाट, उदासीन विश्वाचे भय. आमच्या पिढीने भयकथा वाचली ती नारायण धारपांची. तेथे समर्थ धावून येतात. लवक्राफ्टच्या विश्वात मात्र धावून येणारे कोणीच नाही.

काटकसरीचा प्रवास करणारा एक तरुण मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील इन्स्मथ या काल्पनिक, ओसाड बंदरात येतो. माशांचा उग्र वास, पडकी घरे, पापणी न लवणारे रहिवासी. लवक्राफ्टचे खरे बळ आम्हांला दिसते ते चौथ्या प्रकरणात. हॉटेलच्या खोलीच्या दाराला कडी नाही, कोणीतरी ती नुकतीच काढली आहे. निवेदक कपाटाची कडी उचकटून दाराला बसवतो, आणि मग अंधारात कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज येतो. एरवी विशेषणांचा सडा घालणारा हा लेखक येथे एका कडीवर भागवतो!

याउलट तिसरे प्रकरण. ९६ वर्षांचा मद्यपी झेडॉक गावाचे सारे रहस्य ग्रामीण बोलीत पानेच्या पाने सांगत बसतो. भयाला आवश्यक असलेला संदेह तेथेच निम्मा संपतो.

परंतु मोठा दोष रचनेचा नव्हे, दृष्टीचा आहे. प्रशांत महासागरातील बेटांवरून आलेला पंथ आणि त्यातून झालेला रक्तसंकर, हे या कथेतील पापाचे मूळ. स्थलांतरितांविषयी लवक्राफ्टची पत्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हे निव्वळ रूपक वाटणार नाही. वर्गात हा मुद्दा टाळून ही कृती शिकवणे आम्हांला अप्रामाणिक वाटते. तेवढ्यावरून ती बाजूला सारावी, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशीही मात्र आमचे जमत नाही.

कारण शेवटी ते रक्त निवेदकाचेच निघते. आपल्या आजीचे कूळ त्याला उलगडते, आरशात इन्स्मथचा चेहरा उमटू लागतो. लवक्राफ्टचे वडील आणि आई, दोघेही प्रॉव्हिडन्सच्या बटलर मनोरुग्णालयात निवर्तले, १८९८ मध्ये आणि १९२१ मध्ये. वारशाची धास्ती त्याला परकी नव्हती. कथेत मात्र ती धास्ती पालटते. पिस्तूल विकत घेतलेला निवेदक आत्महत्येचा विचार सोडतो आणि समुद्रतळाच्या ओढीने जवळजवळ आनंदित होतो. ज्यांची किळस वाचकाला चार प्रकरणे शिकवली, ते आता ‘आपले’ झाले आहेत. लेखकाच्या पूर्वग्रहावरच त्याची कथा येथे उलटते. त्याला हे अभिप्रेत होते, असे आम्ही म्हणणार नाही; त्याचे स्वतःचेही या कृतीविषयी फारसे समाधान नव्हते.

ज्या मासिकाने ती नाकारली, त्यानेच ती जानेवारी १९४२ च्या अंकात छापली, तीही काटछाट करून.